काल्पनिक तारवी लोकांची कालगणना : पावसाळ्यात आकाश झाकले जाते, तेव्हा महिने कशावर मोजावेत?

समुद्रकाठ (धागाकर्ती)

नमस्कार.

मी लिहीत असलेल्या एका दीर्घ कादंबरीत 'तारवी' नावाचे लोक आहेत. हे लोक, त्यांची गावे आणि त्यांचा इतिहास सर्वस्वी काल्पनिक आहे, पण आकाश मात्र आपलेच ठेवायचे, असे मी पहिल्यापासून ठरवले आहे. दोन चंद्रांचे किंवा तीन सूर्यांचे जग रचणे तुलनेने सोपे असते, कारण तिथे लेखकाला तपासणारे कोणी नसते. आपल्याच डोक्यावरच्या आकाशातून एखाद्या समाजाने स्वतःची कालगणना कशी उभी केली असती, हे दाखवायचे तर प्रत्येक तारा जागच्या जागी असावा लागतो.

तारवींची वस्ती पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला डोंगर अशा किनारपट्टीवर आहे. अक्षांश सुमारे १७ उत्तर, म्हणजे साधारण रत्नागिरीचा. त्यांना लिपी नाही. सगळी मोजदाद दोरीच्या गाठींत आणि पाठ केलेल्या गाण्यांत राहते. त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो आणि समुद्रावर पहिली चंद्रकोर दिसली की नवा महिना लागतो. बारा चांद्रमासांचे वर्ष ३५४ दिवसांत संपते आणि ऋतूंच्या वर्षाला सुमारे ११ दिवस कमी पडते, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक आहे. म्हणून वर्षाची खूण त्यांनी ताऱ्यांवर, त्यातही कृत्तिकांवर ठेवली आहे.

अडचण इथेच सुरू होते. कृत्तिका मे महिन्यात सूर्याच्या तेजात लपतात आणि जूनमध्ये पहाटे पूर्वेला पुन्हा दिसू लागतात. जगात अनेक समाजांनी हे पुनर्दर्शन महत्त्वाचे मानले आहे. आपल्या किनाऱ्यावर मात्र नेमक्या त्याच सुमारास पाऊस येतो. वर्षारंभाची खूण ढगांमागे जाते आणि पुढचे चार महिने चंद्रकोरही खात्रीने दिसत नाही. आकाशाच्या आधाराने जगणाऱ्या समाजाला वर्षाचा तिसरा हिस्सा आकाशच दिसत नसेल, तर तो त्या काळात काय करील? मला तर असे वाटते की अशा कालगणनेची खरी घडण स्वच्छ रात्रींत होत नाही, ती या झाकलेल्या महिन्यांतच होते. मोजायचे काम कोणाकडे असते, मोजणाऱ्यावर इतरांनी विश्वास का ठेवायचा आणि दोघांची मोजणी जुळली नाही तर निवाडा कोणी करायचा, हे सगळे प्रश्न तेव्हाच उभे राहतात. जाणकारांनी याच अंगाने लिहावे, ही विनंती.

आकाशनिरीक्षक

विषय अतिशय आवडला. पहिली सूचना अशी की वर्षारंभ जूनमधून काढून नोव्हेंबरमध्ये न्यावा. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य आणि कृत्तिका आकाशात समोरासमोर येतात. इकडे सूर्य समुद्रात मावळतो आणि तिकडे डोंगरावर कृत्तिका उगवतात, मध्यरात्री त्या जवळजवळ डोक्यावर येतात आणि पहाटे समुद्राकडे उतरतात. पाऊस संपून हवा धुतलेली असते, त्यामुळे ही खूण चुकण्याचा संभव फार कमी. आपल्या कार्तिक महिन्याचे नावही याच संबंधातून आले आहे, कारण त्या महिन्याच्या पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांच्या परिसरात असतो.

याच खुणेतून तेराव्या महिन्याचा नियमही काढता येतो. हात लांब करून मूठ धरली, तर मुठीची रुंदी आकाशात साधारण १० अंश भरते. कृत्तिका आणि रोहिणीचा तांबूस तारा यांच्यातील अंतर अंदाजे दीड मूठ आहे. पौर्णिमेच्या उजेडात कृत्तिका विरून जातात, रोहिणी मात्र टिकते, म्हणून मोजणी रोहिणीपासून करावी. एखाद्या वर्षी वर्षारंभाच्या पौर्णिमेला चंद्र कृत्तिकांजवळ असला, तर संध्याकाळी पूर्वेला चंद्र वर आणि रोहिणी साधारण दीड मूठ खाली दिसेल. बारा महिन्यांनी येणाऱ्या पौर्णिमेला सूर्य ११ दिवसांनी मागे असतो, म्हणून चंद्रही ताऱ्यांमध्ये तेवढाच, म्हणजे मुठीहून किंचित जास्त, पश्चिमेला सरकलेला असतो. तेव्हा तारवींचा नियम असा ठेवता येईल की पौर्णिमेचा चंद्र रोहिणीच्या पश्चिमेला दोन मुठींपेक्षा दूर असेल, तर नवे वर्ष अजून लागलेले नाही. चालू वर्षाला तेरावा महिना जोडून पुढच्या पौर्णिमेची वाट पाहावी. एका महिन्यात पौर्णिमेची जागा सुमारे तीन मुठी पुढे जाते, त्यामुळे हिशेब आपोआप रुळावर येतो. हा नियम लिपीवाचून आणि आकडेमोडीवाचून, केवळ हाताच्या मुठीवर चालतो.

गणितप्रेमी

आकाशनिरीक्षक यांचा नियम तत्त्वतः बरोबर आहे, पण कादंबरीच्या दृष्टीने त्याचा कच्चा दुवा कुठे आहे ते सांगतो. चंद्र ताऱ्यांमधून एका दिवसात सुमारे १३ अंश सरकतो. म्हणजे 'आज पौर्णिमा' म्हणायचे की 'उद्या', यावरून दोन माणसांत मतभेद झाला, तर त्यांच्या मोजणीत एका मुठीहून अधिक फरक पडतो. वर्षावर्षातील सरकही जवळपास तेवढीच आहे. थोडक्यात, पौर्णिमा ओळखण्यात एका दिवसाचा घोळ झाला तर तेरावा महिना एक वर्ष आधी किंवा एक वर्ष नंतर पडेल. समाधानाची बाब एवढीच की ही चूक साठत जात नाही, कारण पुढच्या वर्षी निरीक्षण पुन्हा नव्याने होते. प्राचीन मेसोपोटेमियातील मातीच्या पाट्यांवर नेमका याच जातीचा नियम सापडतो : वर्षाच्या पहिल्या महिन्यात चंद्र आणि कृत्तिका पहिल्या दिवशी एकत्र दिसल्या तर वर्ष साधे, तिसऱ्या दिवशी दिसल्या तर अधिक महिन्याचे.

आपल्या पंचांगात अधिक मास ठरवण्याची रीत वेगळी आहे. ज्या चांद्रमासात सूर्याची एकही संक्रांत होत नाही तो अधिक, आणि क्वचित ज्या मासात दोन संक्रांती होतात तिथे क्षय मास. अधिक मास सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी येतो. क्षय मास १९६३-६४ आणि १९८२-८३ मध्ये आला होता आणि त्यानंतरचा थेट २१२३-२४ मध्ये येणार आहे. यासाठी सूर्य नेमका कोणत्या राशीत कधी शिरला हे गणिताने काढावे लागते. लिपी नसलेल्या तारवींना ते परवडणारे नाही, त्यामुळे मुठीचा नियमच त्यांना शोभतो. १९ सौर वर्षांत जवळजवळ बरोबर २३५ चांद्रमास बसतात, म्हणजे १९ वर्षांत ७ वेळा तेरावा महिना येतो. मुठीने निष्ठेने मोजणाऱ्या गावातही दीर्घकाळात हेच प्रमाण पडेल, आणि एखाद्या हुशार आजीला ते गाण्यात बांधता येईल.

आता पावसाळ्याबद्दल. चार चांद्रमासांची सरासरी लांबी ११८.१२ दिवस भरते. दोरीला ३०, २९, ३०, २९ अशा गाठी मारल्या, तर बेरीज ११८ होते. प्रत्यक्षात एकेका महिन्याची लांबी सुमारे २९.२७ ते २९.८३ दिवसांच्या दरम्यान कमीजास्त होते, तरीही चार महिने आकाशाकडे न पाहता केवळ गाठी सोडत गेले, तर पावसाळ्याच्या शेवटी चूक एखाद्या दिवसाहून अधिक नसावी. इस्लामी परंपरेत २९ व्या संध्याकाळी चंद्र दिसला नाही तर तीस दिवस पुरे करावेत असा नियम आहे. ढगाळ ऋतूत तोही उपयोगी असतो, पण सलग चार महिने ढग राहिले आणि दर महिना तीसचा धरला, तर दोन दिवसांची वाढ होते. तारवींनी एकाआड एक ही रीत धरावी. त्यांना खरा धोका आकाशाचा नाही, गाठ सोडायला विसरणाऱ्या माणसाचा आहे.

खाडीपलीकडे

माझे बालपण रत्नागिरी जिल्ह्यातील एका खाडीच्या मुखाशी गेले आणि घरात मासेमारी होती, म्हणून लिहितो. पावसाळ्यात चंद्र दिसत नाही हे खरे, पण चंद्र काय करतो आहे ते पाणी दाखवत असते. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या मागोमाग उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांगाचे, म्हणजे कमी चढउताराचे पाणी असते. ढग कितीही दाट असोत, पाणी चढायचे ते चढते आणि उतरायचे ते उतरते. आमच्याकडे तिथीवरून भरतीची वेळ काढण्याचा साधा हिशेब होता : तिथीची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पाणी पूर्ण भरणार. अष्टमी असेल तर सहाच्या सुमारास. भरती रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे जाते, त्यातून हा हिशेब आला आहे. आमच्या आजोबांना तो सांगताना कधी थांबावे लागले नाही.

तारवींनी हाच हिशेब उलटा चालवावा. तिथीवरून भरती काढण्याच्या जागी त्यांनी भरतीवरून तिथी काढावी. खाडीत एक खांब रोवावा आणि पाणी कुठवर चढले त्याच्या खुणा रोज पाहाव्यात. सर्वांत उंच खूण ओली झाली की अमावास्या किंवा पौर्णिमा नुकतीच होऊन गेली असे समजावे. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल. सर्वांत मोठे उधाण नेमके अमावास्येला किंवा पौर्णिमेला येत नाही, ते साधारण एक-दोन दिवस मागाहून येते. त्यामुळे खांब पाहणारा आणि दोरी मोजणारा यांच्यात एका-दोघा दिवसांचे अंतर नेहमीच राहील आणि दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतील.

खांब उघड्या समुद्रावर ठेवू नये, तिथे पावसाळी लाटांत रेषच सापडणार नाही. खाडीच्या फार आतही ठेवू नये, कारण डोंगरातून आलेल्या पुराने पाणी फुगते आणि भरतीचा भास होतो. मुखापासून थोडे आत, खडकाच्या आडोशाला, ही त्याची जागा. तिथे खांबावर कालवे धरतात, आणि कालवांचा पट्टा कुठे संपतो यावरून रोजच्या पाण्याची पातळी अनोळखी माणसालाही कळते.

समुद्रकाठ

खाडीपलीकडे, तुमच्या प्रतिसादाने माझ्या कथेला तिचा कणा मिळाला. दोरी एका घराण्याकडे आणि खांब दुसऱ्या घराण्याकडे, अशी वाटणी मी आता करते आहे. दोरी सांभाळणाऱ्या बायका डोंगराच्या बाजूला राहतात आणि त्यांना 'गाठेकरणी' म्हणतात. खांब पाहणारे पुरुष खाडीच्या मुखाशी राहतात, त्यांना 'खुणेकरी' म्हणतात. पाऊस ओसरल्यावर समुद्रावर पहिली कोर दिसते, त्या संध्याकाळी दोन्ही घराणी एकत्र येतात आणि कोणाची मोजणी आकाशाला अधिक जवळची ठरली ते सर्वांसमोर पाहिले जाते.

मला आता दिवसाच्या आणि रात्रीच्या वेळेबद्दल मार्गदर्शन हवे आहे. घटका हे एकक त्यांच्याकडे असावे का?

आकाशनिरीक्षक

घटिकापात्र तांब्याचे असते. बुडाला बारीक छिद्र असलेली अर्धगोल वाटी घंगाळातल्या पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका म्हणजे २४ मिनिटे झाली, आणि अशा ६० घटकांचा अहोरात्र. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी हे पात्र आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होते. तारवींकडे तांबे नसेल, तर नारळाच्या करवंटीला छिद्र पाडूनही पात्र करता येईल, मात्र गावागावातली करवंटी सारखी नसल्यामुळे घटकाही सारखी राहणार नाही. हा दोष काढून टाकू नका. दोन गावांची घटका वेगळी असणे हेच अशा समाजात स्वाभाविक आहे.

१७ अंशांवर सर्वांत मोठा दिवस १३ तासांच्या थोडा वर आणि सर्वांत लहान दिवस ११ तासांच्या थोडा वर असतो. घटकांत सांगायचे तर उन्हाळ्यात दिवस सुमारे ३३ घटकांचा आणि हिवाळ्यात सुमारे २८ घटकांचा. दिवसाचे चार प्रहर करायचे ठरवले, तर उन्हाळ्यातला प्रहर मोठा आणि हिवाळ्यातला लहान होईल. किनाऱ्यावरच्या माणसांना तो तसाच हवा असेल, कारण त्यांचे काम उजेडाशी बांधलेले आहे.

होडीत घटिकापात्र चालत नाही, हेलकाव्यांनी पाणी आत उसळते. समुद्रावर रात्रीची वेळ ताऱ्यांवरूनच घ्यावी लागते. तारे रोज सुमारे चार मिनिटे आधी उगवतात, म्हणजे महिन्याला दोन तास. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात मध्यरात्री माथ्यावर आलेल्या कृत्तिका जानेवारीच्या उत्तरार्धात रात्री आठच्या सुमारास माथ्यावर असतात. एक नक्षत्र सरकायला सुमारे ५३ मिनिटे लागतात, त्यामुळे रात्रभर जागणाऱ्या नाखव्याच्या डोक्यावरून तेरा-चौदा नक्षत्रे जातात. कृत्तिका, रोहिणी, मृग, त्यामागोमाग व्याध, मग पुनर्वसू, पुष्य, मघा, आणि पहाटे हस्त-चित्रा, असा क्रम हिवाळ्यात लागतो. 'मृग कलला की जाळे ओढायचे' यासारखी वाक्ये त्यांच्या तोंडी सहज येतील, मात्र महिना बदलला की तेच वाक्य दोन तासांनी चुकेल. म्हणून प्रत्येक महिन्याचा तारा वेगळा हवा.

गणितप्रेमी

इथे आपल्या शेतकऱ्यांच्या पावसाच्या नक्षत्रांचा उल्लेख करावासा वाटतो. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त अशी ती मोजली जातात. सूर्य ज्या नक्षत्रात असतो त्याचे नाव त्या तेरा-चौदा दिवसांच्या पावसाला मिळते. ७-८ जूनच्या सुमारास मृग लागतो आणि २१-२२ जूनला आर्द्रा. सूर्य ज्या नक्षत्रात आहे ते नक्षत्र दिसणे अशक्यच असते, त्यात वर पावसाळी ढग. म्हणजे आपला सगळा पाऊस आपण न दिसणाऱ्या ताऱ्यांच्या नावांनी मोजत आलो आहोत. समुद्रकाठ यांनी विचारलेल्या प्रश्नाचे हे मला सर्वांत भक्कम उत्तर वाटते : आकाश झाकले गेले तरी त्याचा क्रम पाठ असतो, आणि माणसे त्या पाठ क्रमावर पेरणी करतात.

दक्षिणगोल

मी न्यूझीलंडमध्ये राहतो. इथे माओरी लोक कृत्तिकांना 'मातारिकी' म्हणतात आणि ऐन हिवाळ्यात, जून-जुलैमध्ये, पहाटे त्या पुन्हा दिसू लागल्या की नवे वर्ष मानतात. २०२२ पासून तो सार्वजनिक सुट्टीचा दिवस झाला आहे. सुट्टी चांद्रमासाशी जोडलेली असल्यामुळे दर वर्षी तारीख बदलते, आणि २०५२ पर्यंतच्या तारखा माओरी जाणकारांच्या सल्ल्याने आधीच जाहीर झाल्या आहेत. एक फरक नोंदवतो. इथून पाहताना सूर्य उत्तरेकडून जातो आणि ओळखीची नक्षत्रे उलटी दिसतात. तारवींचा एखादा खलाशी फार दक्षिणेला गेला, तर मुठीने मोजण्याची दिशाही त्याला उलटी करावी लागेल.

मानवशोध

मोजणी जुळली नाही तर काय, या प्रश्नावर इथिओपियाच्या नैर्ऋत्येकडील मुर्सी लोकांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. डेव्हिड टर्टन आणि क्लाइव्ह रगल्स यांनी १९७८ मध्ये त्यांच्या कालगणनेवर लिहिले. मुर्सींचे वर्ष चंद्राच्या महिन्यांवर चालते, पण चालू महिना कोणता यावर त्यांच्यात कायम दोन मते असतात. कोणी म्हणतो पाचवा, कोणी म्हणतो सहावा. निर्णय देणारा अधिकारी नाही. ओमो नदीचा पूर, ठराविक ताऱ्यांचे मावळणे, झाडांचा फुलोरा अशा खुणा दिसत गेल्या की एक मत मागे पडते आणि सगळे पुन्हा एका ठिकाणी येतात. तेरावा महिना त्यांना कधी मुद्दाम घालावा लागत नाही, तो या चर्चेतच विरघळून जातो. मतभेद आहे म्हणूनच त्यांचे वर्ष ऋतूंना धरून राहते, आणि मला हे मानवी बुद्धीचे फार सुंदर उदाहरण वाटते.

म्हणून समुद्रकाठ यांना सुचवावेसे वाटते की तारवींच्या दोन घराण्यांत दर वर्षी विजेता ठरवू नका. कोर दिसेपर्यंत दोन्ही तारखा गावात चालू द्या. एका घरात तिसरी, शेजारी चौथी.

गणितप्रेमी

याचे उदाहरण महाराष्ट्रातही आहे. केरो लक्ष्मण छत्रे यांनी राशिचक्राचा आरंभ रेवतीच्या ताऱ्यापासून धरून शुद्ध गणिताचे पंचांग चालवले, लोकमान्य टिळकांनी त्या मताचा पुरस्कार केला आणि टिळक पंचांग त्याच परंपरेत उभे आहे. बहुसंख्य पंचांगे चित्रा ताऱ्याच्या समोरचा बिंदू आरंभ मानतात. दोन आरंभांत सुमारे चार अंशांचे अंतर असल्यामुळे संक्रांती चार दिवसांनी वेगळ्या पडतात. एरवी ते फारसे जाणवत नाही, पण काही वर्षी त्यामुळे अधिक मासच वेगळा येतो आणि टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत गणपती एक महिना आधी बसतात. दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांच्या घरी दर्शनाला जातात.

आकाशनिरीक्षक

आता एक महत्त्वाचे आणि थोडे गंभीर. तारवींचा इतिहास किती जुना आहे? हजार वर्षांचा असेल, तर त्यांची गाणी चुकू लागलेली असतील. पृथ्वीचा अक्ष संथपणे फिरतो, त्यामुळे ताऱ्यांशी बांधलेले वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे असते. हजार वर्षांत हा फरक १४ दिवसांचा होतो. आपली मकरसंक्रांत २१-२२ डिसेंबरच्या अयनदिनापासून दूर जाऊन १४-१५ जानेवारीला येते, तेही याच कारणाने.

समजा, त्यांच्या जुन्या गाण्यात असे आहे की संध्याकाळी कृत्तिका समुद्रात बुडून दिसेनाशा झाल्या की चाळीस दिवसांत होड्या ओढून शाकाराव्यात, म्हणजे पावसापासून झाकून ठेवाव्यात. आज कृत्तिका एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या आरंभी संध्याप्रकाशात दिसेनाशा होतात. हजार वर्षांपूर्वी ते एप्रिलच्या मध्यास होत असे, आणि चाळीस दिवस मे महिन्यातच संपत. आता तेच चाळीस दिवस १० जूनच्या आसपास संपतील. तोपर्यंत पाऊस आणि वारा किनाऱ्यावर आलेले असतात.

समुद्रकाठ

हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. कादंबरीतील मोठी दुर्घटना मला वादळाने घडवायची होती. ती गाण्याशी प्रामाणिक राहिल्यामुळे घडते, हे कितीतरी अधिक खरे आहे. पण मग तारवींपाशी गाणे चुकते आहे हे कळण्याचे काही साधन असू शकेल का? तारे सरकल्याचे एका आयुष्यात कोणाला दिसणार नाही.

आकाशनिरीक्षक

साधन आहे आणि ते त्यांच्या अंगणात आहे. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी थेट माथ्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. १७ अंशांवर हे दिवस ८ मे आणि ५ ऑगस्ट यांच्या आसपास येतात. मुंबईत पहिला मेच्या मध्यास येतो. ऑगस्टमधला दिवस ढगांत जाईल, पण मे महिन्यातला स्वच्छ उन्हात मिळतो. त्या दिवसाआधी दुपारची सावली उत्तरेला पडते आणि नंतर दक्षिणेला, त्यामुळे तो ओळखायला कठीण नाही. तीन मीटर उंचीच्या काठीच्या सावलीचे टोक त्या काळात दिवसाला सुमारे दीड सेंटीमीटर सरकते आणि टोक थोडे धूसर असते, म्हणून एक-दोन दिवसांची अनिश्चितता राहील. सूर्याची ही खूण ऋतूंशी बांधलेली असल्यामुळे हजार वर्षांतही ती जागची हलत नाही. सावली नाहीशी झाल्यापासून वीस दिवसांत होड्या वर घेतल्या, तर त्या नेहमीच मेच्या अखेरीस शाकारलेल्या असतील.

गाणे रचणाऱ्यांच्या काळात कृत्तिका बुडण्याची संध्याकाळ सावलीच्या दिवसाच्या सुमारे तीन आठवडे आधी येत असे. आता ती जेमतेम आठवडाभर आधी येते. दुसऱ्या एखाद्या जुन्या गाण्यात हे तीन आठवड्यांचे अंतर नोंदवलेले असेल, तर दोन गाणी शेजारी ठेवणाऱ्या माणसाला सगळे कळेल.

समुद्रकाठ

मग ते दुसरे गाणे गाठेकरणींकडे आहे आणि कृत्तिकांचे गाणे खुणेकऱ्यांकडे. दोन्ही घराण्यांत सोयरीक होत नाही, म्हणून ती गाणी कधी एका घरात गायली गेली नाहीत. सासरी आलेली पहिली गाठेकरीण हेच कथेचे मुख्य पात्र. ती मोजून पाहील आणि सासऱ्यांना सांगेल, 'मामंजी, तुमच्या गाण्यातले दिवस मागे राहिले आहेत.' तिचे ऐकले जाणार की नाही, ते मी अजून ठरवलेले नाही.

दोन्ही गावांत खांब ठेवायचा असेल तर खुणा सारख्या चालतील का, एवढे कोणी सांगावे.

खाडीपलीकडे

चालणार नाहीत. मुखाशी पाणी भरून उतरू लागते, तेव्हा खाडीच्या आतल्या गावात ते अजून चढत असते. आत जावे तशी भरतीची वेळ मागे पडत जाते आणि पाण्याची उंचीही बदलते. पाऊणपटीचा हिशेब ज्या बंदरावर बसवला, तिथेच तो बरोबर चालतो. दुसरीकडे त्यात काही घटका मिळवाव्या लागतात. डोंगराकडच्या गावाला स्वतःचा खांब, स्वतःच्या खुणा आणि स्वतःची बेरीज द्या. तुमची सून सासरी आली की पहिल्याच पावसाळ्यात तिची माहेरची बेरीज मुखाशी चुकेल, आणि ती का चुकली हे तिला शोधावे लागेल. पुढचा शोध तिथूनच सुरू करता येईल.